दिवाळीला ऊसतोड टोळ्यांना फराळ द्यावा की दुसरं काही?

मेघना_पुनावळे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत दरवर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी फराळ गोळा होतो. क्लबहाऊसमध्ये टेबलं मांडतो, ज्याला जमेल तसा तो चिवडा, चकल्या, लाडू आणून देतो आणि संध्याकाळी दोन गाड्या भरून एका बालगृहात पोचवतो. गेल्या वर्षी तिथल्या ताईंनी कोठीची खोली उघडून दाखवली. चिवड्याच्या पिशव्यांवर पिशव्या, मिठाईचे खोके, एका कोपऱ्यात नुसत्या सोनपापडीची रास. ताई तक्रार करत नव्हत्या, प्रेमानेच बोलत होत्या. म्हणाल्या, "या आठवड्यात मुलांना भाजीपोळी खायला लावणं हेच आमचं मोठं काम असतं. शाळा सुरू होताना मात्र दप्तरांसाठी फोन करत बसावं लागतं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरंच घोळतंय. आमच्याकडून कासारसाई धरणाकडे जाताना शेतांच्या कडेला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. साखर कारखाना तिथून जवळच आहे. सकाळी मी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते तेव्हा कधीकधी उसाने भरलेला ट्रॅक्टर समोरून जातो आणि वर मोळ्यांवर एखादी बाई बसलेली असते, मांडीवर झोपलेलं पोर. त्या पोराच्या डोक्याला साधी टोपी नसते. आम्ही सगळे हे रोज बघतो आणि बसमध्ये चढतो. यंदा मला काहीतरी करायचंच आहे.

समितीत विषय काढला तर सगळे तयार झाले, पण काय द्यायचं यावर एकमत होईना. कुणी म्हणतं नेहमीचाच फराळ तिकडे न्या, कुणी म्हणतं जुने कपडे गोळा करू, कुणाचं म्हणणं सरळ पैसे द्यावेत. पन्नास हजारांच्या आसपास जमतील असा अंदाज आहे. इथे ग्रामीण भागातली, शिक्षणातली, ऊसपट्ट्यातली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. या लोकांना दिवाळीत खरोखर काय उपयोगी पडेल? आणि ते त्यांना कमीपणा न वाटता कसं द्यायचं?

विश्वास_ठाणे

उसाचं मला फारसं कळत नाही, त्यावर जाणकार बोलतीलच. मी बालगृहाबद्दल लिहितो, कारण अशाच एका ठिकाणी शनिवारी गणित शिकवायला जातो.

बालगृह सोडू नका. फक्त तारीख बदला. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घर आहे ती मुलं घरी जातात. मागे उरतात ती न्यायला कुणीच येत नाही अशी. त्यांच्यासमोर त्या चार दिवसांत एकामागून एक मंडळं येतात. प्रत्येक मंडळासाठी मुलांनी एका ओळीत बसायचं, 'हीच अमुची प्रार्थना' म्हणायची, फोटो काढून घ्यायचा. एकदा एका मुलाने मला विचारलं, "सर, आज किती गट आहेत?" ते मूल थकलं होतं हो. त्याला खाऊ नको होता, अंगणात जाऊन खेळायचं होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांना दिवाळीची सुट्टी असते, मुलं आपापल्या पाड्यावर गेलेली असतात. पुण्यामुंबईहून खोके घेऊन गेलेली मंडळी कुलूप बघून परत येतात. जायचंच तर शाळेला आधी फोन करा आणि सुट्टी संपल्यावर जा. तेव्हा मुलं परत आलेली असतात, थंडी सुरू झालेली असते आणि देणारं कुणी फिरकत नसतं.

बालाघाटच्या_बाई

मेघनाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी हा आमचा सगळा डोंगरपट्टा ऊसतोडीला जाणारा. दसरा झाला की माझ्या वर्गातली निम्मी पोरं बाडबिस्तऱ्यासकट ट्रकमध्ये बसायची. तुमच्या कासारसाईच्या कोप्यांत कदाचित आमच्याच पट्ट्यातली माणसं असतील, नाहीतर पाथर्डीकडची.

पहिलं हे बघा की दिवाळीत ती माणसं तिथे असणार आहेत का. कारखान्यांनी उसाचं गाळप कधी सुरू करायचं ते दरवर्षी मंत्री समिती ठरवते आणि तारीख पुढेमागे होते. २०२२ ला १५ ऑक्टोबरला परवानगी होती आणि दिवाळी नंतर आली, म्हणजे कितीतरी टोळ्यांची दिवाळी फडावरच, ऊसतोडीच्या जागीच झाली. २०२४ ला हंगाम १५ नोव्हेंबरचा आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, त्यामुळे त्या वर्षी बहुतेकांना घरी दिवाळी करून निघता आलं. म्हणून आधी कारखान्याच्या शेती विभागात किंवा कोप्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, टोळी कधी उतरणार. माणसं दिवाळीनंतर येणार असतील तर तुमचं देणंही नंतर होऊ द्या. तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे दिवाळीच असते.

दुसरं त्यांच्या पैशाचं गणित. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, एका कोयत्याला उचल म्हणून आगाऊ रक्कम देतो, ती घरच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेली असते. मग सहा महिने टनामागे जी मजुरी होते ती त्या उचलीत वळती होते. फडावर असताना हातात येते ती फक्त खर्ची, आठवड्याच्या बाजारापुरती. तेल, मीठ, पीठ, चहापत्ती घेतली की ती संपते. त्यामुळे दिवाळी फडावर आली तर गोडधोडाला पैसा नसतो. कामचुकारपणा किंवा व्यसन हे त्याचं कारण म्हणून शहरात ऐकायला मिळतं, तसं कुणी समितीत म्हणालं तर त्यांना हे उचलीचं गणित समजावून सांगा.

आता तुमचा फराळ. माझं मत स्पष्ट आहे. तयार फराळ देऊ नका, शिधा द्या. रवा, बेसन, साखर, गूळ, तेल, भाजके पोहे, शेंगदाणे, थोडं खोबरं. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला होता. त्यात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल होतं. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांनी तो रांगेत उभं राहून घेतला आणि घरी जाऊन कढई ठेवली. गावात चार घरांतून तळणाचा वास आला की दिवाळी आल्यासारखी वाटते, तो वास पिशवीतल्या चिवड्याला येत नाही.

का म्हणते ते सांगते. एका दिवाळीत मी माझ्या शाळेतल्या पोरांना भेटायला बारामतीकडच्या फडावर गेले होते. पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. एका मुलीची आई उसाच्या पाचटाचा जाळ करून तीन दगडांवर शंकरपाळे तळत होती. दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या, हाताला उसाच्या पात्यांनी चिरा पडलेल्या, त्या चिरांवर तिने काळ्या चिंध्या बांधल्या होत्या. तेल एवढंसंच होतं, म्हणून एका वेळी पाच-सहा शंकरपाळेच सुटत होते. पहिला घाणा निघाला तो तिने ताटलीत घेतला आणि शेजारच्या कोपीत पाठवला. दुसरा माझ्या हातावर ठेवला. "बाई, दिवाळीचं हाय, नाही म्हनू नका." पोरांना तिसरा. मी तो खाल्ला. तिला कुणाला तरी द्यायचं होतं, शेजारणीला, लेकीच्या बाईंना. तयार पुडा मिळाला की माणूस नुसता घेणारा होतो. रवा-तेल मिळालं की ती बाई स्वतःच्या घरची दिवाळी करते आणि वाटतेही. तुम्ही विचारलंत ना, कमीपणा न वाटता कसं द्यायचं. मला तरी हाच मार्ग दिसतो.

जुन्या कपड्यांबद्दल. गोळा करायचे तर निवडून करा. फाटकं, बटणं तुटलेलं, पार्टीचे झगे, उंच टाचेच्या चपला, यातलं काही नको. फडावर बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पात्यांनी हात कापू नयेत म्हणून. असे जाड सुती शर्ट तुमच्या प्रत्येक घरात पडून असतील, ते धुऊन, इस्त्री करून द्या. लहान पोरांचे स्वेटर, कानटोप्या, पायमोजे. मोठ्यांना घोंगडी किंवा चादरी, पण त्या नव्या घ्या. मावळात डिसेंबर-जानेवारीत पहाटे काय गारठा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे आणि ही माणसं त्या गारठ्यात तीन-चारला उठून फडात शिरतात. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, पाचट आणि वर प्लास्टिक. अवकाळी आला की आतलं सगळं भिजतं. चांगली ताडपत्री ही कोणत्याही फराळापेक्षा मोठी वस्तू आहे. चार्जिंगचे दिवेही चांगले, पण चार्जिंग कुठे करणार ते आधी बघा. वीज नसेल तर सौर दिवे घ्या.

बायांचं वेगळं सांगते. अंघोळीला आडोसा नसतो, पाणी लांबून आणायचं असतं, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या असतात. सुट्टी घेतली की खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे दुखणं अंगावर काढतात. तुमच्या सोसायटीत डॉक्टरबाई असतीलच. त्यांनी महिन्यातून एका संध्याकाळी कोप्यांवर जाऊन बायांना तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, तर फार मोठं काम होईल. अंगणवाडीताई आणि आशाताईंना सोबत घ्या, म्हणजे गरोदर बायांची आणि लहान पोरांच्या लसीची नोंद तिथल्या तिथे होईल.

आणि पोरं. हे मी शेवटी लिहिते आहे, पण माझ्यासाठी हेच पहिलं. आमच्या गावांत हंगामी वसतिगृहं चालतात, त्यात आजीआजोबांकडे राहिलेल्या पोरांना जेवण मिळतं आणि शाळा सुटत नाही. पण सगळ्यांना मागे ठेवता येत नाही. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर न्यावीच लागते. अशी पोरं तुमच्या कोप्यांवर दिवसभर असतात. त्यांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसायचा पूर्ण हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते गावच्या शाळेतून मिळतं, नसलं तरी प्रवेश द्यावाच लागतो. अडचण असते ती शाळेपर्यंत जाण्याची आणि धाकट्या भावंडाची. तुमच्या पन्नास हजारांतले वीस शिध्याला आणि ताडपत्रीला ठेवा. उरलेल्यात मार्चपर्यंत सकाळ-संध्याकाळ एक रिक्षा लावा आणि कोप्यांजवळच एखाद्या ताईला मानधन देऊन लहानग्यांसाठी सावलीत पाळणाघर चालवा. हे केलंत तर मी तुमच्या पाया पडेन.

आकडेमोड

बाईंचं वाचून फार बरं वाटलं. मी फक्त हिशेबाचं लिहितो, कारण मी तेच काम करतो आणि दिवाळीत हे प्रश्न हमखास येतात.

मेघना, कोप्यांवर थेट शिधा किंवा कपडे दिले तर त्यावर करसवलत मिळत नाही. वस्तूरूपाने दिलेलं देणगीच्या करसवलतीत (जिला ऐंशी-जी म्हणतात) धरत नाहीत, नोंदणीकृत संस्थेला दिलं तरी नाही. सवलत फक्त पैशाच्या देणगीला, तीही जुन्या कररचनेत. नवी कररचना घेतली असेल तर काहीच नाही. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर ती धरली जात नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने तुमचं नाव आणि पॅन आयकर खात्याला कळवून तिथून निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला द्यावं लागतं. सदस्यांना हे आधीच सांगून टाका, म्हणजे मार्चमध्ये कुणी तुमच्या दारात पावती मागायला येणार नाही.

जमलेले पैसे सोसायटीच्या देखभालीच्या खात्यात मिसळू नका. दोघांच्या नावाने वेगळी वही ठेवा, प्रत्येक खरेदीचं बिल चिकटवा आणि वही सूचना फलकाखाली लटकवून ठेवा. पुढच्या वर्षी दुप्पट जमतील. संस्थेमार्फत करायचं ठरलं तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि गेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते.

एडिसनचा_आबा

अमेरिकेतून लिहितोय. माझं आजोळ आष्टी तालुक्यातलं, त्यामुळे बाईंच्या पोस्टमधला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे. आमच्या मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी देणगीची पेटी फिरते. इथल्यांसाठी एक माहिती देतो. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या कमाईतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड असलं तरी, त्यांची देणगी परदेशी धरली जाते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात देता येते. सोसायटीच्या किंवा कुणाच्या वैयक्तिक खात्यात असे पैसे घेऊ नका मेघना, प्रेमापोटी कुणी पाठवतो म्हणालं तरी. मी माझ्या वाट्याचं बीडच्या भावामार्फत करायचं बघतो, तो तिथे स्वतःच्या पैशांतून देतोच आहे, त्याला बळ देईन.

मेघना_पुनावळे

बाई, तुमची पोस्ट मी समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. शंकरपाळ्यांपाशी आले तेव्हा आमच्या अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. शिधा नक्की झाला. एका मजल्यावरच्या दोन निवृत्त आजींनी पाळणाघरासाठी स्वतःहून दुपार द्यायची तयारी दाखवली आणि आमच्याच इमारतीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई महिन्याची एक संध्याकाळ द्यायला तयार झाल्या.

दोन अडचणी आहेत. रविवारी अकराला आम्ही चौघी कोप्यांवर गेलो, पहिली टोळी आली आहे. पण तिथे एक म्हातारी आणि पोरंच होती, बोलायला कुणी नाही. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं की सामान मुकादमाकडे द्या, तो वाटेल. तसं करावं का? दुसरं, काही सदस्यांना वाटपाचा फोटो आणि फलक हवा आहे.

बालाघाटच्या_बाई

अकराला सगळे फडातच असणार. उसाची गाडी भरायची नसेल त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर जा, बाया चुलीपाशी असतात, बोलणंही निवांत होतं. गाडी रात्री आली तर त्यांना पुन्हा उठून भरायला जावं लागतं. म्हणून तिथल्याच एखाद्या बाईला आधी विचारून दिवस ठरवा.

मुकादमाला डावलू नका, त्याच्या मर्जीवर टोळीचं बरंच काही असतं. त्याला भेटा, मान द्या, कोयते किती आहेत ते त्याच्याकडून लिहून घ्या. पण सामान त्याच्या हाती सोपवू नका. एकेका कोपीपाशी जाऊन त्या घरच्या बाईच्या हातात द्या, तिचं नाव विचारून. सगळ्या कोयत्यांना सारखं. एखादी म्हातारी एकटीच अर्धा कोयता म्हणून आलेली असते, तिलाही पूर्ण शिधा. कुणी सुटलं तर तिथे पुढचे सहा महिने त्यावरून बोलाचाली होतात.

शिधा प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका. कोपीत उंदीर आणि मुंग्या फार. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, त्यात सगळं भरा. शिधा संपला तरी डबा हंगामभर पिठाला होतो आणि गावी परतताना ट्रकमध्ये बरोबर जातो.

फोटो नको हे सदस्यांना अध्यक्षांनाच सांगू द्या. फलकावर खर्चाची वही लागली की लोकांना तेवढं पुरतं. पोरांचे फोटो तर अजिबात नकोत.

रिक्षा ठरवण्याआधी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून या. पोरांची नावं, इयत्ता आणि गाव एका कागदावर लिहून न्या. गावांची नावं मलाही निरोपातून कळवा. आमच्या तालुक्यातली असतील तर त्यांच्या शाळांतल्या शिक्षकांना मी ओळखते, हमी पत्रकं लगेच मागवून घेते.